नोंद

लेकीकडे परदेशी गेलेल्या निवृत्त बापाला कामे अशी फार नसतात. सकाळी नातवाला शाळेत सोडायचे, येताना दूध आणायचे आणि मग दुपार होईपर्यंत खिडकीतून पावसाकडे पाहत बसायचे. गेल्या वर्षी मे महिन्यात मी आग्नेय लंडनमध्ये, वुलिचजवळ राहणाऱ्या माझ्या मुलीकडे असाच बसलो होतो. एका मंगळवारी तिला नातवाच्या शाळेतून फोन आला. ती बराच वेळ नुसती ऐकत होती. फोन ठेवल्यावर माझ्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, "बाबा, आपल्या समोरच्या इस्त्रीवाल्याच्या मुलाला तुम्ही काय हाक मारता हो?"

आमच्या सांगलीच्या घरासमोर इस्त्रीवाल्याची टपरी आहे. त्याचा मुलगा रंगाने काळासावळा. आळीतले सगळेच त्याला 'काळ्या' म्हणतात. मीही म्हणतो. तोही 'आलो काका' म्हणत येतो आणि कपड्यांचे गाठोडे घेऊन जातो. यात कोणाला कधी काही वावगे वाटल्याचे मला आठवत नाही. माझा नऊ वर्षांचा नातू दर सुट्टीत हे ऐकत आला होता. शाळेत त्याच्या वर्गात एक मुलगा आहे, त्याचे आईवडील घानामधून आलेले. नातवाने या मित्राला तीच हाक इंग्रजीत करून मारली. वर्गातली चारदोन मुले हसली. तो मुलगा हसला नाही. मधल्या सुट्टीत त्याने डबा खाल्ला नाही, म्हणून बाईंनी विचारले आणि सारे बाहेर आले.

मी म्हणालो, "अगं, पण ते आपण सहज म्हणतो. लाडाने."

"बाबा, त्यांनी नोंद केली आहे."

"कसली नोंद?"

"शाळेत वही असते. तारीख, वेळ, कोण काय बोललं, कोणाला लागलं, शाळेनं काय केलं, सगळं लिहितात. त्या मुलाच्या घरी कळवलं, आता मला कळवलं."

मी छत्तीस वर्षे बँकेत काढली. नोंद या शब्दाचा माझ्यावर काय परिणाम होतो, ते बँकेत काम केलेल्या माणसालाच कळेल. तोंडी बोललेले वाऱ्यावर जाते. एकदा वहीत चढले की त्याचा हिशेब द्यावा लागतो. त्या रात्री नातू माझ्या अंथरुणाशी आला आणि हळूच म्हणाला, "आजोबा, तुमचं नाव पण लिहिलंय का वहीत?"

मी नाही म्हणालो. ते खरेही होते.

ही वही आली कुठून, असे मी जावयाला विचारले. तो म्हणाला, "लॉरेन्स केसनंतर. ती जागा इथून फार लांब नाही. बसने जाता येतं." नाव मला ओझरते ठाऊक होते. १९९३ साली, जेव्हा हे घडले, तेव्हा आपण मुंबईच्या दंगली आणि पाठोपाठचे मार्चमधले बॉम्बस्फोट यांच्या धक्क्यात होतो. लंडनच्या एका बसथांब्याजवळ मारल्या गेलेल्या मुलाची बातमी वाचायला कोणाला सवड होती? आता सवड होती. मुलीच्या घराजवळच्या ग्रंथालयात बसून मी महिनाभर तेच वाचले.

मुलाचे नाव स्टीफन लॉरेन्स. वय अठरा. वास्तुशास्त्रज्ञ व्हायचे त्याच्या मनात होते. एका वास्तुशास्त्रज्ञाच्या कचेरीत त्याने काही दिवस उमेदवारीही केली होती. धावण्याच्या शर्यतींत भाग घेई. आईवडील दोघेही जमैकाचे. वडील नेव्हिल हे हरहुन्नरी कारागीर, सुतारकाम, शिवणकाम, गिलावा, सारे येणारे. आई डोरीन नऊ वर्षांची असताना इंग्लंडात आली, शिक्षण संपल्यावर बँकेत नोकरीला लागली (इथे मी जरा सावरून बसलो), मग संसार, तीन मुले, आणि चाळिशीला आल्यावर पुन्हा विद्यापीठात पदवीचा अभ्यास. आपल्याकडच्या कुठल्याही धडपड्या मध्यमवर्गीय घरासारखे हे घर होते.

२२ एप्रिल १९९३ च्या रात्री साडेदहाच्या सुमारास स्टीफन आणि त्याचा मित्र ड्वेन ब्रुक्स एल्टम भागात वेल हॉल रोडवर घरी जाण्यासाठी बसची वाट पाहत होते. गोऱ्या तरुणांचे एक टोळके वांशिक शिवी देत रस्ता ओलांडून आले आणि त्यांनी स्टीफनला भोसकले. अवघ्या काही सेकंदांचे काम. तशा अवस्थेत तो सव्वाशे यार्ड धावला आणि कोसळला. भांडण नाही, ओळख नाही, देणेघेणे नाही. कारण फक्त कातडीचा रंग. त्या भागात हे पहिलेच नव्हते. १९९१ साली जवळच्याच थेम्समीडमध्ये रोलन ॲडम्स हा कृष्णवर्णीय मुलगा मारला गेला होता. १९९२ साली एल्टममध्येच रोहित दुग्गल नावाचा भारतीय वंशाचा मुलगा मारला गेला होता. ते नाव वाचताना मी थांबलो. तो आपल्यापैकी कोणाच्याही घरातला असू शकला असता.

पुढचा भाग सांगताना मला एका कागदाविषयी बोलायचे आहे.

खून झाल्यानंतर पहिल्या एकदोन दिवसांतच संशयितांची नावे पोलिसांकडे येऊ लागली होती. कोणी टेलिफोनच्या खोक्यात चिठ्ठी ठेवली, कोणी पोलिसांच्या गाडीच्या काचेवर. लॉरेन्स यांच्या घरीही लोक येऊन नावे सांगत. तरी दोन आठवडे कोणालाही अटक झाली नाही. ६ मे रोजी हे दांपत्य लंडनला आलेल्या नेल्सन मंडेलांना भेटले. त्याच दिवशी ते एका वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यालाही भेटले. डोरीनने लोकांनी सांगितलेली नावे एका कागदावर लिहून नेली होती. तो कागद तिने अधिकाऱ्याच्या हाती दिला आणि थोड्या वेळाने तिच्या लक्षात आले की साहेबांनी बोलता बोलता त्याच्या घड्यांवर घड्या घालून तो अगदी चिमुकला करून टाकला आहे. आता हा केराच्या टोपलीत टाकणार ना, असे तिने तिथेच विचारले. पुढे चौकशीत अधिकाऱ्याने सांगितले की कागद फेकण्याचा हेतू नव्हता, तो जपूनच ठेवला होता. तसे असेलही. पहिल्या अटका दुसऱ्याच दिवशी झाल्या. पण आईला दिसली ती घडी.

वाचक म्हणतील, एवढ्या मोठ्या प्रकरणात कागदाच्या घडीचे काय एवढे? मला ती दिसते, कारण अशी एक घडी मीही घातलेली आहे.

१९८६ साली मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी शाखेत होतो. वय सव्वीस, अधिकारी होऊन जेमतेम वर्ष. एका बाईचा अकरावीतला मुलगा विहिरीत बुडून गेला होता. त्याच्या बचत खात्यात अठराशे रुपये होते. वारसाचे कागद झाले, शिक्के झाले, पैसे तिच्या हाती देण्याची वेळ आली, तेव्हा तिने पदराखालून वहीचे एक पान काढले. शेजारच्या पोराकडून पेन्सिलीने लिहून आणलेला अर्ज. "सायेब, पैसं मला नगंत. पोराच्या नावानंच ऱ्हाऊ द्या. साळंत ज्याच्याकडं परीक्षेची फी नसंल, त्याची यातनं भरा." मी तिला सांगितले की मयत खातेदाराच्या नावाने खाते चालू ठेवता येत नाही. नियम तसाच होता, मी खोटे बोललो नाही. पण तो अर्ज मी आवक नोंदवहीत चढवला नाही, शिक्का मारला नाही. काउंटरवर गर्दी होती. कागदाच्या चार घड्या घातल्या आणि कुठेतरी ठेवून दिला.

तीन महिन्यांनी ती मुख्याध्यापकांना घेऊन आली. पहिला प्रश्न, "सायेब, माझा कागद कुठाय?" मी कपाट उघडले, फायली चाळल्या. सापडला नाही. मुख्याध्यापक समंजस होते, त्यांनी दुसरा अर्ज लिहिला. शाळेच्या नावे मुदतठेव केली आणि व्याजातून दरवर्षी एका मुलाची फी भरायचे ठरले. दोन वर्षांनी माझी बदली झाली. पुढे काय झाले मला माहीत नाही. मात्र ती बाई व्यवस्था मागत होती आणि मला ती फक्त दुःखी बाई दिसली, हे समजायला मला फार वर्षे लागली.

डोरीन लॉरेन्सलाही लोकांनी अशीच दुःखी बाई समजून घरी पाठवले असते. ती गेली नाही.

जुलै १९९३ मध्ये सरकारी अभियोक्त्यांनी पुरावा अपुरा म्हणून खटला सोडून दिला. मुलाला तोवर जमैकात पुरले होते. इंग्लंडात पुरले तर कबरीची विटंबना होईल ही भीती होती, आणि ती खोटी नव्हती, हे पुढे दिसलेच. आईवडिलांनी इम्रान खान (क्रिकेटवाले नव्हेत, लंडनमधले तरुण वकील) आणि मायकेल मॅन्सफील्ड यांच्या मदतीने खासगी फिर्याद लावली. १९९६ साली तीही कोसळली. ब्रुक्सने केलेली ओळख न्यायाधीशांनी ग्राह्य धरली नाही आणि तिघे निर्दोष सुटले. फेब्रुवारी १९९७ मध्ये मृत्यूच्या कारणाची चौकशी झाली तेव्हा ज्यूरीने म्हटले, पाच गोऱ्या तरुणांनी विनाकारण केलेल्या वंशवादी हल्ल्यात हा मुलगा मारला गेला. दुसऱ्याच दिवशी 'डेली मेल' या उजव्या विचारांच्या वृत्तपत्राने पहिल्या पानावर पाच जणांची छायाचित्रे छापून वर मथळा दिला 'खुनी', आणि आम्ही चुकत असू तर आमच्यावर दावा लावा, असे आव्हान दिले. दावा कोणी लावला नाही. योगायोग असा की या पत्राच्या संपादकांच्या घरी नेव्हिल लॉरेन्स यांनी पूर्वी गिलाव्याचे काम केले होते. ओळखीचा माणूस असला की न्याय जरा लवकर दिसतो, हा अनुभव फक्त आपल्याकडचाच नसावा. (पुढे २०२२ मध्ये डोरीनने याच पत्राच्या प्रकाशकांवर आपली खासगी माहिती गैरमार्गाने मिळवल्याचा दावा लावला. प्रकाशकांनी आरोप नाकारले.)

१९९७ साली सरकार बदलले. गृहमंत्री जॅक स्ट्रॉ यांनी निवृत्त न्यायाधीश सर विल्यम मॅकफर्सन यांच्याकडे चौकशी सोपवली. आपल्याकडे त्याच सुमाराला न्यायमूर्ती श्रीकृष्ण यांचा मुंबई दंगलीवरचा अहवाल येत होता, त्याचे काय झाले ते वाचक जाणतातच. मॅकफर्सन अहवाल २४ फेब्रुवारी १९९९ रोजी आला. त्यात सत्तर शिफारशी होत्या. लंडनच्या पोलीस दलात 'संस्थात्मक वंशवाद' आहे, असे त्यात स्वच्छ लिहिले होते.

हा शब्द तेव्हा फार गाजला आणि अनेकांना झोंबला. आमचे पोलीस काय सगळे वंशवादी आहेत काय, असा ओरडा झाला. अहवालाचे म्हणणे वेगळे होते. माणसामाणसाच्या मनात द्वेष असलाच पाहिजे असे नाही. एखादी संस्था लोकांना त्यांच्या रंगामुळे, संस्कृतीमुळे किंवा वंशामुळे योग्य सेवा देण्यात सामुदायिकरीत्या कमी पडते, आणि हे नकळत बाळगलेल्या पूर्वग्रहांतून, अज्ञानातून, अविचारातूनही होते. घटनास्थळी पोहोचलेल्या पोलिसांनी रस्त्यात पडलेल्या मुलाला प्रथमोपचार दिले नाहीत. डोळ्यांसमोर मित्र पडलेला पाहणाऱ्या ड्वेन ब्रुक्सला साक्षीदार म्हणून नव्हे तर संशयित असल्यासारखे वागवले. यांतल्या प्रत्येकाला विचारले असते तर तो म्हणाला असता, माझ्या मनात तसे काही नव्हते.

मीही तेच म्हणालो होतो. सहज. लाडाने.

लॉरेन्स कुटुंबाच्या कामाचे मर्म मला इथे दिसते. 'नकळत' या शब्दाआड लपण्याची जी सोय आपल्याला आहे, ती त्यांनी काढून घेतली. भाषणाने नव्हे, नोंदींनी. मॅकफर्सनची एक शिफारस अशी, की ज्याला सोसावे लागले त्याला किंवा इतर कोणालाही जी घटना वंशवादी वाटते, ती वंशवादी घटना म्हणून नोंदवलीच पाहिजे. आधी लिहा, मग शहानिशा करा. बँकेतला माणूस हे चटकन समजेल. ग्राहकाची तक्रार खरी की खोटी हे नंतर. आवक क्रमांक आधी. दुसऱ्या शिफारशी शाळांविषयी होत्या. अभ्यासक्रमात निरनिराळ्या संस्कृतींचे मोल कळावे आणि वंशवादाला आळा बसावा असा बदल करावा, शाळांनी वंशवादी प्रसंगांची नोंद ठेवावी, पालकांना आणि व्यवस्थापनाला कळवावे. खुनाच्या चौकशीचा अहवाल वर्गखोलीपर्यंत पोहोचला, याचे मला नवल वाटले. मग वाटले, ते पाच जण विशीच्या आतले होते. ते काही आकाशातून पडले नव्हते. कुठल्या ना कुठल्या शाळेत बाकावर बसले होते, कोणाच्या ना कोणाच्या घरी जेवणाच्या टेबलावर काहीतरी ऐकत मोठे झाले होते. नोंदीची सक्ती पुढे सैल झाली, असे कळते. पण पुष्कळ शाळांनी सवय सोडली नाही. माझ्या नातवाची शाळा त्यांतली.

कायदेही बदलले. २००० साली वंशसंबंध कायद्याची दुरुस्ती होऊन पोलीस आणि इतर सरकारी यंत्रणा त्याच्या कक्षेत आल्या. २००३ च्या कायद्याने, ज्याला एकदा निर्दोष सोडले त्याच्यावर गंभीर गुन्ह्यात नवा आणि भक्कम पुरावा मिळाल्यास पुन्हा खटला चालवता येईल, अशी वाट काढली. आपल्या राज्यघटनेच्या विसाव्या कलमातही एका गुन्ह्यासाठी दोनदा शिक्षा नाही हे तत्त्व आहे, आणि खरे सांगायचे तर इंग्लंडातला हा बदल मला पुरता रुचलेला नाही. सरकारच्या हाती असे हत्यार देताना हात कापावा. पण त्याच वाटेने अठरा वर्षांनी न्याय झाला हेही नाकारता येत नाही. १९९३ साली जप्त केलेल्या एका जाकिटाच्या कॉलरवर, पुन्हा तपासताना, अर्धा मिलिमीटर लांबीचा रक्ताचा ठिपका सापडला. तो स्टीफनचा होता. ३ जानेवारी २०१२ रोजी गॅरी डॉब्सन आणि डेव्हिड नॉरिस दोषी ठरले. बाकीच्यांना आजवर शिक्षा झालेली नाही.

आता त्या संस्थेविषयी, जी खरे तर या लेखाची सुरुवात असायला हवी होती. १९९८ साली, म्हणजे कुठलाही न्याय पदरात पडलेला नसताना, डोरीनने स्टीफनच्या नावाने न्यास काढला. गरीब, मुख्यतः कृष्णवर्णीय आणि इतर अल्पसंख्य घरांतल्या मुलामुलींना वास्तुशास्त्राच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या, उमेदवारीच्या जागा, वडीलधाऱ्यांचे मार्गदर्शन. तिने पुतळा मागितला नाही, मुलाचे राहून गेलेले शिक्षण दुसऱ्यांच्या मुलांकडून पुरे करून घ्यायला लागली. ब्रिटिश वास्तुशास्त्रज्ञांच्या संस्थेने त्याच वर्षी कमी खर्चात केलेल्या चांगल्या इमारतींसाठी स्टीफनच्या नावाचे पारितोषिक सुरू केले. फेब्रुवारी २००८ मध्ये डेप्टफर्ड येथे न्यासाचे केंद्र उभे राहिले. त्याचा आराखडा घानाच्या आईवडिलांचे अपत्य असलेल्या डेव्हिड अजाये या वास्तुशास्त्रज्ञाने केला आणि काचांवरची नक्षी चित्रकार ख्रिस ओफिली याने. उद्घाटनानंतर काही दिवसांतच कोणीतरी त्या काचा फोडल्या.

या ओफिलीने १९९८ साली एका रडणाऱ्या स्त्रीचे मोठे चित्र केले होते. लंडनच्या टेट संग्रहालयात ते आहे. चित्रातल्या प्रत्येक अश्रूत स्टीफनचा एक छोटासा चेहरा चिकटवलेला आहे. जवळ गेल्याशिवाय दिसत नाही.

आपल्या पुरवण्यांना, आणि आम्हा लेखकांनाही, दुःखातून उभ्या राहिलेल्या कार्याच्या गोष्टी फार आवडतात. पोर गेले, आईने अश्रू पुसले, हजारो पोरांची आई झाली. रविवारी सकाळी चहाबरोबर वाचायला बरे वाटते. मला आता अशा गोष्टींचा जरा संशय येतो. १९९३ च्या एप्रिलमध्ये पोलिसांनी आपले नेहमीचे काम नेहमीसारखे केले असते, तर डोरीन लॉरेन्स हे नाव आपल्या कानावर आलेच नसते. तिने पदवी घेतली असती, नोकरी केली असती, दुःख घरात ठेवून जगली असती. तो तिचा हक्क होता. तिला जे मोठेपण मिळाले, २०१२ च्या ऑलिंपिकच्या उद्घाटनात ध्वज धरण्याचा मान, २०१३ साली लॉर्ड्स सभागृहात जागा, लेस्टरच्या डी मॉन्टफर्ट विद्यापीठाचे कुलपतिपद, ते दुसऱ्यांनी न केलेल्या कामाची भरपाई आहे. आणि भरपाई कधी पुरी होत नाही.

किंमतही मोठी पडली. १९९९ साली, अहवाल आला त्याच वर्षी, नेव्हिल आणि डोरीन यांचा घटस्फोट झाला. दोघांचे शोक वेगळ्या वाटांनी गेले. २०१८ साली नेव्हिल यांनी सांगितले की आपण मारेकऱ्यांना क्षमा केली आहे, ते ओझे आता वाहवत नाही. डोरीनने क्षमा केली नाही. ज्यांनी केलेले कबूलच केले नाही त्यांना क्षमा कसली करायची, असा तिचा रोख. आपल्याकडे क्षमा करणाऱ्याला लगेच संत करतात आणि न करणारीला कडवट म्हणतात. मला दोघेही बरोबर वाटतात. एकाच मुलाच्या दोन पालकांनी एकच उत्तर द्यावे अशी सक्ती कोणी करावी?

२०१३ मध्ये आणखी एक गोष्ट बाहेर आली. एका माजी गुप्त पोलिसाने सांगितले की नव्वदच्या दशकात त्याला लॉरेन्स कुटुंबाच्या मोहिमेत काही काळेबेरे सापडते का, ते शोधायला सांगितले होते. ज्यांच्याकडे न्याय मागायला जायचे तेच पाळत ठेवत होते. हे वाचले त्या दिवशी मी ग्रंथालयातून लवकर उठून घरी आलो. आणि २०२३ साली, म्हणजे मॅकफर्सननंतर चोवीस वर्षांनी, लुईस केसी यांच्या अहवालाने लंडन पोलिसांत संस्थात्मक वंशवाद असल्याचे पुन्हा लिहिले. पोलीस आयुक्तांनी दोष मान्य केले, तो शब्द वापरायला मात्र नकार दिला.

स्टीफनचा धाकटा भाऊ स्टुअर्ट शिक्षक झाला. अनेक वर्षे त्याने शाळेत शिकवले, पुढे मुलांसाठी पुस्तक लिहिले. २०१९ पासून दरवर्षी २२ एप्रिलला इंग्लंडातल्या शाळांतून स्टीफनचा दिवस पाळतात. माझ्या नातवाच्या वर्गातही तो पाळला गेला होता, महिनाभरापूर्वीच. त्याने घराचा आराखडा काढला होता. तरी मे महिन्यात त्याच्या तोंडून ती हाक निघाली. शाळेचा एक दिवस आणि आजोबांच्या घरची नऊ सुट्ट्या, यांत कोणाचे वजन जास्त, हे सांगायला नको.

आपल्या पोरांना आपण काय काय शिकवतो, याची कोणी वही ठेवत नाही. गोरी सून हवी, ही जाहिरात आपण पिढ्यान्पिढ्या छापत आलो. ईशान्येकडची मुले पुण्यामुंबईत शिकायला येतात, त्यांना रस्त्यावर काय ऐकावे लागते, ते त्यांना विचारा. २०१४ साली दिल्लीत अरुणाचलचा नीदो तानिया हा विद्यार्थी मारहाणीनंतर मरण पावला तेव्हा केंद्राने बेझबरुआ समिती नेमली. तिनेही ईशान्येचा इतिहास शाळा-महाविद्यालयांत शिकवावा असे सुचवले. सुचवले, एवढे मला माहीत आहे.

परतण्याच्या आधीच्या रविवारी मी नातवाला घेऊन वेल हॉल रोडला गेलो. मुलीला आधी ते पटले नाही. नऊ वर्षांच्या मुलाला कशाला, म्हणाली. मी म्हणालो, मला सोबत हवी आहे.

रस्ता अगदी साधा आहे. दोन्ही बाजूंना घरे, झाडे, वाहती मोटारगाडी. पदपथात एक लहानसा दगड बसवलेला आहे. नाव, जन्मतारीख, मृत्यूची तारीख. १९९५ साली बसवलेल्या या दगडावर किती वेळा रंग ओतला गेला, ठोकाठोक झाली, याची गणती नाही. मॅकफर्सन अहवाल आला त्याच आठवड्यात त्यावर पांढरा रंग ओतला होता, आणि तेव्हा उघड झाले की त्यावर रोखलेला कॅमेरा नुसता दाखवायचा होता, आत काही नव्हते.

नातवाने ओणवे होऊन तारखा वाचल्या आणि वजाबाकी केली. "अठरा," तो म्हणाला. मग विचारले, "तो कुठे चालला होता?"

"घरी."

"मग बस आली नाही का?"

मी सांगितले की ती यायला थोडा वेळ होता. त्याने समोरच्या थांब्याकडे पाहिले. तिथे एक म्हातारी बाई पिशव्या घेऊन उभी होती. आम्ही तिच्या शेजारी जाऊन उभे राहिलो.

सांगलीला आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी कपडे घेऊन समोर गेलो. इस्त्रीवाल्याच्या मुलाला म्हणालो, "बाबा, तुझं शाळेतलं नाव काय रे?" तो माझ्याकडे पाहतच राहिला. त्याला वाटले, काहीतरी चुकले आहे.